गुलमर्गच्या खोल बर्फासाठी स्की किती रुंद घ्यायची?

पहिल्यांदा खोल बर्फात उतरलो तेव्हा माझ्या पायात ७२ मिलिमीटरच्या स्की होत्या आणि ७२ म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, रात्रभर बर्फ पडून सकाळी उघडलेलं, सगळे वेड्यासारखे गोंडोलाच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेच्या लाईनीत. भाड्याच्या दुकानातल्या माणसाने माझी उंची विचारली, बुटाचा नंबर विचारला, कोपऱ्यातली एक जोडी काढून दिली, झालं. वर गेल्यावर आमच्या गाईडने खाली बघितलं आणि एवढंच म्हणाला, "जनाब, पतला है, डूबेगा." आणि बुडालोच की. तिसऱ्या वळणाला दोन्ही टिपा, म्हणजे स्कीची पुढची टोकं, बर्फाखाली गेल्या, मी पुढच्या पुढे तोंडावर, आणि उजवी स्की सुटून गायब. पांढऱ्यावर पांढरं, कुठे खड्डा नाही की खूण नाही. पोल उलटा धरून टोचत टोचत अर्धा तास शोधली, सापडली ती मी पडलो त्याच्या दोन हात वरच, बर्फाखाली आडवी.

दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून प्यावं माणसाने. मी थेट दूधच सोडलं. पुढच्या वर्षी १२२ ची जोडी विकत घेतली, सेकंडहॅण्ड, एकदम भारी दिसायची. त्या ट्रिपला आठ दिवसांत खरा खोल बर्फ मिळाला दीड दिवस. उरलेले साडेसहा दिवस कडक, घासलेल्या, सकाळी काचेसारख्या उतारावर त्या दोन फळ्या सांभाळत खाली आलो आणि गुडघे धरून हॉटेलवर जिने चढलो. म्हणून हे लिहायला बसलोय. पुण्या-मुंबईचे बरेच जण आता बेसिक कोर्स करून दरवर्षी गुलमर्गला जायला लागलेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो, किती रुंद घेऊ?

आधी तो आकडा समजून घ्या

स्कीवर टेलजवळ म्हणजे मागच्या टोकाजवळ, किंवा बूट अडकवायच्या बाइंडिंगच्या आसपास तीन आकडे छापलेले असतात, समजा १३७-११०-१२७. पहिला टिपचा सगळ्यात रुंद भाग, मधला कंबर म्हणजे बुटाखालची अरुंद जागा, तिसरा टेल, सगळं मिलिमीटरमध्ये. लोकं "माझी एकशेदहा आहे" म्हणतात ती कंबर. स्लॅलम रेसवाल्यांच्या स्कीची कंबर ६५ च्या आसपास असते, ग्रूम केलेल्या, म्हणजे मशीनने दाबलेल्या उतारावर कार्व्हिंग (स्की कलती करून तिच्या कडेवर वळणं) करणाऱ्यांची ७० ते ८०, सगळीकडे चालणाऱ्या ऑल-माउंटनची ८५ ते १००, आणि १०५ च्या पुढे गेलात की पावडरचा, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाचा प्रांत सुरू होतो. १२० च्या वर म्हणजे निव्वळ पावडर, दुसरं काही नाही.

हे रुंद प्रकरण तसं जुनं नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रियाच्या अटॉमिक कंपनीतल्या रूपर्ट ह्यूबर या इंजिनिअरने स्नोबोर्ड उभा चिरून दोन फळ्या करायची आयडिया काढली, त्यातून 'फॅट बॉय' आली. सुरुवातीला सगळे हसले, म्हाताऱ्यांची स्की म्हणून, कारण कॅनडात हेलिकॉप्टरने वर जाणाऱ्या पैसेवाल्या वयस्कर लोकांना ती जास्त आवडायची. त्या काकांना मात्र तरुणांपेक्षा निम्मे कष्ट पडायचे. मग २००२ च्या सुमाराला शेन मॅकॉन्की या नामांकित स्कीअरच्या डोक्यातून निघालेली व्होलांट कंपनीची 'स्पॅच्युला' आली, कंबर १२५ आणि आकार नेहमीच्या उलटा, मध्ये रुंद आणि टोकांना निमुळती, तळ होडीसारखा वर उचललेला. त्याचं म्हणणं असं की खोल बर्फ हा पाण्यासारखा असतो, मग वॉटर-स्कीसारखी फळी का नको. आज बाजारात जी काही पावडर स्की दिसते तिच्यात थोडीफार स्पॅच्युला असतेच.

तरंगण्याचा हिशोब, एकदाच, कागद-पेन्सिल घेऊन

भातखाचरात अनवाणी उतरलात तर पाय पोटरीपर्यंत जातो, फळी टाकून उभे राहिलात तर ती जेमतेम दबते. बर्फातही हेच. माझं वजन ७५ किलो, बूट, जॅकेट, सॅक, फावडं, पाणी धरून ८५. नुसत्या बुटांवर उभा राहिलो तर दोन्ही तळव्यांखाली साधारण ४६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १८५ ग्रॅम. म्हणून स्की काढली की कमरेपर्यंत आत.

त्या ७२ वाल्या १७० सेंटिमीटर स्कीचा टिप ते टेल सरासरी रुंदीचा अंदाज धरला तर दोन्ही मिळून ३१०० चौरस सेंटिमीटर भरतात, म्हणजे २७ ग्रॅम. ११० ची १८४ लांब जोडी घेतली की ४५०० च्या आसपास, म्हणजे १९ ग्रॅम. आणि माझी ती १२२ ची १८८ लांब? ४९५० वगैरे, म्हणजे १७ ग्रॅम. आता बघा, ७२ वरून ११० ला आलो तर जागा पंचेचाळीसएक टक्क्यांनी वाढली, पण ११० वरून १२२ ला जाऊन फक्त दहा टक्के. आकडे अंदाजे आहेत, पण मुद्दा पक्का आहे, आणि हे मला आधी कळलं असतं तर ती जोडी घेतलीच नसती.

आता दुसरी बाजू. बुटाचा तळ पुढच्या बाजूला साधारण ७० मिलिमीटर रुंद असतो. ७२ च्या स्कीची एज, म्हणजे तळाची धातूची कड, बरोबर बुटाच्या कडेखाली येते, कडक बर्फावर पाय कलता केला की लगेच धरते. १२२ च्या स्कीची एज बुटाच्या बाहेर २६ मिलिमीटर लोंबते, म्हणजे स्की कलती ठेवायला घोटा आणि गुडघा सतत पिळवटत राहतो. एका एजवरून दुसऱ्या एजवर जायलाही वेळ लागतो. खोल बर्फात हे जाणवत नाही कारण तिथे एज लावायचीच नसते, अख्खा तळ वापरायचा असतो. म्हणजे एका ठिकाणचा गुण दुसऱ्या ठिकाणी अवगुण होतो.

पायरी पहिली: तुमचे दिवस मोजा, स्वप्नं नाही

गुलमर्ग गाव साधारण २,६५० मीटरवर, गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर ३,९५० मीटरच्या आसपास. चिल्लई-कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ते चाळीस कडाक्याचे दिवस, त्यात आणि त्याच्या मागोमाग जानेवारी-फेब्रुवारीत वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळं, आली की बर्फ पडतो, दोन-तीन दिवस धो-धो आणि मग चार-पाच दिवस लख्ख ऊन. हे चक्र नीट लक्षात घ्या, सगळी निवड यावर आहे.

बर्फ पडत असताना आणि लगेच नंतर वरचा टप्पा बहुतेकदा बंद असतो, स्की पेट्रोल म्हणजे उतारांवरचं सुरक्षा पथक हिमस्खलनाचा धोका बघतं, काम करतं, मगच उघडतं. म्हणजे त्या दिवशी तुम्ही खालच्या टप्प्यावर, देवदार-फरच्या झाडीत, मंद उतारावर. इथे गंमत अशी की मंद उतारावर रुंद स्कीची गरज जास्त असते, कारण वेग नाही, वेग नाही म्हणून तरंगणं नाही, अरुंद स्की असली की तुम्ही सरळ थांबता आणि मग गुडघाभर बर्फात पोल मारत चालायचं. वरच्या तीव्र उतारावर वेगच तुम्हाला उचलतो, तिथे शंभरची स्कीसुद्धा छान तरंगते. बहुतेक लोकांना हे उलटं वाटतं.

वरचा टप्पा उघडला की पहिला दिवस स्वर्ग. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलमध्ये, म्हणजे वरच्या वाडग्यासारख्या उतारात, सगळीकडे लोकांच्या रेघा, मग ढेकळं, आणि तिसऱ्या दिवसापासून ताजा बर्फ हवा असेल तर लांब चालत आडवं जायला लागतं. शिवाय कुठूनही या, शेवटी खाली यायचा रस्ता कोंगडोरीपासून गावापर्यंत दाबलेला, संध्याकाळी गोठलेला, मध्ये मॉगल म्हणजे बर्फाचे उंचवटे. थकलेल्या पायांनी तो उतरावाच लागतो. गेल्या ट्रिपचा किंवा मित्राच्या ट्रिपचा दिवसवार हिशोब लिहा: गुडघ्याच्या वर बर्फ किती दिवस, घोट्यापर्यंत किती, कडक किती. आठ दिवसांत तीनच्या वर खोल दिवस निघत नसतील तर ११५ च्या पुढे बघूच नका.

खोली बघायची माझी साधी पद्धत म्हणजे सपाट जागी एक स्की काढायची आणि बूट हळू टेकवायचा. घोट्यापर्यंत गेला आणि खाली कडक लागलं तर तुमची स्की त्या कडक थरावरच चालणार, रुंदीने फारसा फरक पडत नाही. गुडघ्यापर्यंत गेला आणि तळ लागलाच नाही तर तिथे रुंदी कामाला येते. "चाळीस सेंटिमीटर पडला" एवढ्यावरून काही कळत नाही, तो कशावर पडलाय हे महत्त्वाचं.

पायरी दुसरी: वजन, आणि सॅकसकट

हे माझ्या आणि आजूबाजूच्या लोकांच्या अनुभवावरचे आकडे आहेत, शास्त्र नाही. सॅक धरून ६० किलोच्या आत असाल तर ९५ ते १०२ पुरते. ६० ते ७५ मध्ये १०० ते १०६. ७५ ते ९० मध्ये १०५ ते ११२. नव्वदच्या पुढे ११० ते ११८. माझी बायको ५४ किलोची आहे, ९८ च्या स्कीवर माझ्या १०८ पेक्षा वर तरंगते आणि परत वर वळून "काय झालं, ये ना" म्हणते. हलक्या माणसाने मोठ्या माणसाचं ऐकून ११५ घेतली तर ती वळवायलाच जमत नाही, स्की माणसाला नेते. अजून स्नो-प्लाऊमध्येच (टिपा जवळ, टेल लांब ठेवून) उतरत असाल, पॅरलल टर्न म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं पक्की नसतील, तर वरच्या रेंजमधला खालचा आकडा धरा.

पायरी तिसरी: कंबरेवर थांबू नका, आकार बघा

दोन स्की १०६ च्याच असतात आणि एक तरंगते, एक बुडते. का? रॉकर. स्की टेबलावर ठेवा, वरून दाबू नका, बाजूने बघा. टेबलाला कुठून टेकते आणि टिप कुठून उचलायला लागते? जुन्या स्की टोकाला एकदम वळतात, चमच्यासारख्या. पावडरच्या स्की खूप आधीपासून हळूहळू उचलतात, होडीच्या नाळेसारख्या. असा लांब रॉकर असेल तर टिप बर्फाच्या वर राहते आणि तुम्हाला मागे झुकून मांड्या जाळाव्या लागत नाहीत. बुटाखाली मात्र थोडा कॅम्बर हवाच, म्हणजे मधला भाग टेबलापासून किंचित उचललेला, तोच तुम्हाला संध्याकाळच्या कडक रस्त्यावर वाचवतो. पुढे रॉकर, मध्ये कॅम्बर, मागे थोडा रॉकर, गुलमर्गसाठी हे कॉम्बिनेशन मला सगळ्यात पटतं. अख्खी केळ्यासारखी वाकलेली स्की मजेशीर असते पण ती दुसरी जोडी म्हणून.

मग टिप. १०२ ची कंबर आणि १३५ ची टिप असलेली स्की १०८ ची कंबर आणि १३० च्या टिपपेक्षा बऱ्याचदा चांगली उचलते. दुकानदार सांगत नाही, तीन आकडे तुम्हीच वाचायचे. टेल किंचित निमुळती असेल तर मागचं टोक बुडतं, पुढचं वर येतं, झाडीत पटकन फिरवता येते.

कडकपणाही. गुलमर्गला वर कोरडा हलका बर्फ आणि खाली गावाजवळ दुपारी ओला जड, एकाच रनमध्ये दोन्ही. अगदी मऊ टिप असेल तर जड बर्फात ती वाकून घुसते आणि फेकते. मध्यम घ्या. कॅलिफोर्नियात बे एरियातली आपली मंडळी टाहोला स्कीइंगला जातात तिथे समुद्राकडून येणारा बर्फ जड असतो, तिकडे थोडी कडक आणि शंभरच्या आसपासची स्की बरी, तिकडचा सल्ला जसाच्या तसा इकडे लावू नका आणि इकडचा तिकडे.

लांबी

थोडक्यात, कारण लोक यावर उगाच भांडतात. रॉकरवाली स्की जमिनीला कमी टेकते म्हणून आहे त्यापेक्षा आखूड असल्यासारखी चालते, तेव्हा थोडी लांब घ्यायची. कार्व्हिंगची स्की हनुवटी-नाकापर्यंत घेत असाल तर पावडरची डोक्याएवढी किंवा पाच सेंटिमीटर वर. झाडीत जास्त असाल तर डोक्याएवढीच. रुंदी वाढवण्याऐवजी पाच सेंटिमीटर लांबी वाढवली तरी तरंगणं वाढतं आणि गुडघ्याला त्रास नाही, हा स्वस्त उपाय कुणी सांगत नाही.

बाइंडिंग, ब्रेक, आणि जिथे लोकं फसतात

ब्रेक म्हणजे बूट सुटल्यावर बर्फात रुतणारे ते दोन पाय. ते स्कीच्या कंबरेपेक्षा रुंद हवेत, पण पंधरा मिलिमीटरच्या पुढे नाही. ११० च्या स्कीला ११५ किंवा १२० चा ब्रेक. अरुंद असेल तर बसतच नाही, फार रुंद असेल तर वळताना एजच्या बाहेर येऊन बर्फाला घासतो. मी सेकंडहॅण्ड घेतली तेव्हा विकणाऱ्याने ब्रेक पकडीने वाकवून बसवले होते, मला कळलं पहिल्या पडण्याला, एक पाय उघडलाच नाही आणि स्की खाली निघून गेली ती झाडाला अडली म्हणून मिळाली.

बूट आणि बाइंडिंगचं जमतं का ते विचारून घ्या, टूरिंगच्या (चढून जायच्या) बुटांचे वळणदार रबरी सोल प्रत्येक अल्पाईन बाइंडिंगमध्ये चालत नाहीत. सुटण्याचं सेटिंग वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि तुमच्या लेव्हलवरून टेक्निशियनने लावायचं. "खोल बर्फात सारखी सुटते, वाढव रे" म्हणून दोन आकडे वर नेऊ नका. बहुतेकदा सुटत नसते, बुटाखाली बर्फ चिकटलेला असतो म्हणून नीट बसलेलीच नसते. पोलने तळ खरवडा, मग टाच दाबा, खट्‌ आवाज यायला पाहिजे. बाइंडिंग कंपनीच्या खुणेपासून एखाद सेंटिमीटर मागे माउंट केली म्हणजे बसवली तर टिप जास्त उचलते, पण दोन सेंटिमीटरच्या मागे गेलात तर वळणं जड होतात.

घ्यायच्या आधी भाड्याने, आणि दोन वेगळ्या

सुरुवातीला विकत घेऊच नका. पहिल्या दिवशी १०० च्या आसपासची, दुसऱ्या दिवशी ११० ची, त्याच रनवर, आणि मुद्दाम दोन्ही दिवस संध्याकाळचा गावापर्यंतचा रस्ता स्कीवर उतरा, गोंडोलाने नाही. जिच्यावर खाली आल्यावर चहा प्यायला स्वतःच्या पायाने गेलात ती तुमची. नाव हवंच असेल तर सालोमन क्यूएसटी १०६ किंवा अटॉमिकची बेंट १०० यासारख्या स्कीजपासून सुरुवात करून बघा, नावातच कंबर असते म्हणून गोंधळ नाही. बेंट चेटलर १२० सगळ्यांना फोटोत आवडते, मलाही आवडते, पण एकच जोडी नेणार असाल तर नको.

दुकानात खिशात शिंप्याची टेप ठेवा. स्टिकर उडालेला असतो, कुणी "हां हां, पावडर है" म्हणून ८८ ची देतं. बुटाच्या खाली टेप आडवी धरा, दहा सेकंदांचं काम. दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा, लांबी सारखी आहे का, एज कुठे तुटली का, वरचा थर टेलपाशी सुटलाय का, तळाला लाकूड दिसेल इतका खोल घाव आहे का. सेकंडहॅण्ड घेताना बाइंडिंगखालची जुनी भोकं मोजा, तिसऱ्यांदा माउंट झालेली असेल तर सोडा.

एक गोष्ट रुंदीशी संबंधित नाही पण लिहितोच, रुंद स्की आली की माणसाला आत्मविश्वास येतो आणि तो बोलच्या बाहेर, दोरीपलीकडे जातो. तिकडे स्की पेट्रोलची जबाबदारी नाही. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून शोधायची लांब काठी), फावडं, ते वापरता येणारा जोडीदार आणि स्थानिक गाईड नसेल तर ११० असो की १४०, फरक शून्य.

चढायला स्किन्स, म्हणजे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायच्या पट्ट्या, लावणार असाल तर त्या कंबरेच्या नाही, स्कीच्या सगळ्यात रुंद भागाच्या मापाने घेऊन कापायच्या, एज दोन्हीकडे दोन मिलिमीटर उघडी ठेवून. रुंद स्कीला रुंद स्किन म्हणजे वजनही जास्त, सॅकमध्ये जागाही जास्त.

आणि विमानाचं वजन. डोमेस्टिकला बहुतेक तिकिटांवर पंधरा किलो, त्यात बाइंडिंगसकट रुंद जोडी सहा-साडेसहा, बूट चार, बॅग दोनएक. बूट हॅण्डबॅगेत घ्या, जॅकेट अंगावर. माझी १८४ ची बॅग सोसायटीच्या लिफ्टमध्ये तिरकी केल्याशिवाय मावत नाही, वॉचमन काका दरवर्षी विचारतात, "सर, क्रिकेटची किट का?"

ती १२२ ची जोडी विकली नाही अजून, कुणी घेत नाही. सध्या १०८ वर आहे. दोन्ही ब्रेकना दीड मीटरची केशरी रिबीन बांधतो, पॅण्टच्या पायात कोंबून ठेवतो. स्की सुटली की ती बाहेर ओढली जाते आणि बर्फावर शेपटीसारखी दिसते. दादरला शिलाईच्या सामानाच्या दुकानात मिळते, मीटरवर.